मुसळीचं बेणं विकत घेण्याआधी

वाचकाचं पत्र

सर, नमस्कार. आम्ही बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात राहतो. घरची साडेचार एकर शेती आहे. दीड एकर सातपुड्याच्या पायथ्याला, हलकी, मुरमाड. बाकीची तीन एकर काळी. कपाशी आणि सोयाबीन घेतो, पण दोन वर्षांपासून हातात काही उरत नाही.

मागच्या महिन्यात गावात एका कंपनीचे प्रतिनिधी आले. सफेद मुसळी लावा म्हणतात. बेणं त्यांच्याकडूनच घ्यायचं, 400 रुपये किलो, एकरी 5 क्विंटल. माल तेच परत घेणार, वाळलेली मुसळी 1,200 रुपये किलोने, आणि तसं छापील कागदावर लिहून देणार. एकरी 4 क्विंटल वाळलेला माल निघतो, म्हणजे 4 लाख 80 हजार, असा त्यांचा हिशेब. जात परदेशी आहे, दुसरीकडे मिळणार नाही, असंही म्हणाले. आमच्या यांच्या मनानं घेतलंय. मामाजी ठाम नाही म्हणतात. बापलेकांचं बोलणं बंद आहे. पैशासाठी माझ्या पाटल्या आणि गोफ गहाण ठेवायचं चाललंय.

मी बारावी शिकले आहे, हिशेब मला कळतो, पण या पिकाची काहीच माहिती नाही. हे झाड असतं कसं? आमच्या जमिनीत येईल का? पैसे द्यावेत का? आणखी एक. नणंद बाळंतपणाला आली आहे. तिला दूध येण्यासाठी मुसळीची पावडर द्या, असं शेजारच्या बाई म्हणतात. द्यावी का?

एक वाचक, जि. बुलढाणा

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी तुमच्या पाटल्यांचं बोलतो. त्या घरातच राहू द्या. यंदा एक एकर मुसळी लावू नका आणि त्या प्रतिनिधीकडून 2 लाखांचं बेणं घेऊ नका. पण मुसळी लावूच नका, असं मी म्हणत नाही. तुमची पायथ्याची जमीन ऐकून तर दोन गुंठे नक्की लावून बघा, असंच म्हणेन. पीक खरं आहे, झाड गुणाचं आहे आणि तुमच्या शेजारच्या तालुक्यांत लोक ते घेतात. धोका आहे तो बेण्याच्या त्या व्यवहारात. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की तुमच्या घरातलं भांडणही बरंचसं सुटेल, कारण तुमचे मालक झाडाबद्दल बोलतात आणि मामाजी व्यवहाराबद्दल. मला तर दोघांचंही म्हणणं बरोबर वाटतं.

झाड कसं असतं, ते आधी सांगतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीतून तलवारीच्या आकाराची लांबट हिरवी पानं वर येतात. झाडाला खोड असं दिसत नाही, सगळी पानं जमिनीलगत एकाच जागेतून फुटून बाहेर कलतात. उंची वीतभर, फार तर हातभर. जुलै-ऑगस्टमध्ये मधोमध एक दांडा निघतो आणि त्याच्यावर खालून वर अशी पांढरी फुलं उमलत जातात. फूल लहान, सहा पाकळ्यांचं, आत पिवळे पुंकेसर. मग तिधारी बोंडं धरतात, त्यांत कांद्याच्या बियांसारखं काळं बी असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पानं पिवळी पडून सुकतात आणि शेत पार मोकळं दिसायला लागतं. नवखा माणूस इथे घाबरतो, पीक गेलं म्हणतो. पीक गेलेलं नसतं. झाड बहुवर्षायू आहे. वरचा भाग दरवर्षी मरतो, खालचा जिवंत राहतो. पावसाळाभर झाडाने जमिनीत बोटांसारख्या जाड मुळ्यांचा झुबका तयार केलेला असतो आणि लावलेली जुनी मुळी त्या भरात सुरकुतून संपलेली असते. या मुळ्या म्हणजेच मुसळी. शेतकरी त्यांना बोटं किंवा फिंगर म्हणतात. सुरुवातीला त्यांची साल फिकी असते. जमिनीत महिना-दोन महिने मुरल्या की साल गडद तपकिरी होते, आणि तोच काढणीचा इशारा.

जात परदेशी आहे, हे त्यांनी सांगितलेलं तर सपशेल खोटं आहे. शेतात लावली जाणारी सफेद मुसळी म्हणजे क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. 1955 साली सांतापाऊ आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिची शास्त्रीय नोंद केली ती मुंबईजवळच्या बोरिवलीच्या जंगलातल्या झाडांवरून. फादर सांतापाऊ मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवत, पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. हे झाड सह्याद्रीत, सातपुड्यात, गुजरातच्या डांगमध्ये पावसाळ्यात आपोआप उगवणारं आहे. कोकणात, ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांवर याच कुळातल्या झाडांची कोवळी पानं फोडशी किंवा कुलू म्हणून भाजीला आणतात. मधला कडक दांडा काढून पानं बारीक चिरायची, कांदा-लसणावर परतायची, वर भिजवलेली मुगाची डाळ. जूनच्या शेवटाला बाजारात जुड्या दिसतात. तुमच्या सातपुड्यातही पूर्वी मुसळी भरपूर होती. औषधासाठी वर्षानुवर्षं खणून खणून ती विरळ झाली, आणि म्हणून शेतात लावायची वेळ आली. शेतात लावलेली मुसळी जंगलातला तेवढा भार हलका करते. या पिकाबद्दल मला आस्था वाटते त्याचं हे मोठं कारण आहे.

आता तुमची जमीन. मुसळीला वाळूमिश्रित, पोयट्याची, निचऱ्याची जमीन लागते. तिला पाऊस चालतो, साचलेलं पाणी चालत नाही. दोन दिवस मुळांशी पाणी थांबलं की कूज लागते, आणि कूज जमिनीखाली असल्याने पानं पिवळी पडेपर्यंत पत्ताच लागत नाही. म्हणून तुमची तीन एकर काळी या पिकातून आधीच वगळा. त्यातही ती पूर्णा नदीच्या बाजूला खारपाणपट्ट्यात येत असेल, तर वगळण्याचं कारण दुप्पट होतं. तिथल्या विहिरींचं खारं पाणी आणि चिकण काळी माती, दोन्ही मुसळीच्या विरोधात जातात. त्या प्रतिनिधीने तुम्हाला जमीन कोणती, पाणी कसं, हे विचारलं होतं का? तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. ज्याला तुमचं पीक परत घ्यायचं आहे, तो आधी जमीन बघतो.

पायथ्याची दीड एकर मात्र चालण्यासारखी आहे. मुरूम फार वर असेल तर बोटं वाकडी आणि आखूड होतात, म्हणून एक-दीड फूट खणून बघा. तेवढी माती मोकळी निघाली तर पुढे जायला हरकत नाही. उन्हाळ्यात पाण्याची फारशी गरज नसते, पण पाऊस लांबला तर लागवडीनंतर एक-दोन हलक्या पाळ्या द्याव्या लागतात, आणि काढणीआधी माती मऊ करायला एक. तेवढं पाणी तिथे पोहोचतं का, हे बघा. रानडुकरांचा त्रास असेल तर कुंपणाचाही विचार आत्ताच करा. कंद उकरणाऱ्या जनावराला हे पीक म्हणजे मांडलेलं ताट.

दोन गुंठे कसे करायचे ते सांगतो. उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्या. एकरी 8 ते 10 टन कुजलेलं शेणखत, म्हणजे दोन गुंठ्यांना साधारण अर्धा टन. खत पूर्ण कुजलेलंच पाहिजे. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी येते, आणि हुमणीने या मुळ्या कुरतडल्या तर जखमेतून कूज शिरते. निंबोळी पेंड मिसळा, खतात ट्रायकोडर्मा, म्हणजे कूज रोखणारी उपयोगी बुरशी, मुरवून टाकली तर उत्तमच. मग तीन-सव्वातीन फूट रुंदीचे आणि वीतभर उंचीचे गादीवाफे करा, मधल्या सऱ्यांतून पाणी सरळ बाहेर जाईल असा उतार ठेवा. सगळ्या लागवडीत जीव ओतायचा तो इथे. वाफा चांगला झाला की निम्मी रोगराई तिथेच टळते.

लागवड जूनमध्ये, पहिला दमदार पाऊस झाल्यावर. ओळींत 30 सेंटीमीटर आणि झाडांत 15 सेंटीमीटर अंतर. बेण्याबद्दल एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण फसवणूक इथेच होते. नुसतं बोट लावून झाड येत नाही. झुबक्याच्या डोक्याशी, जिथून पानं फुटतात, तिथला थोडासा भाग बोटाला चिकटलेला असावा लागतो. कोंब त्या भागातूनच येतो. बोट कितीही जाडजूड असलं आणि वरून तुटलेलं असलं तर ते मातीत सडून जातं. बेणं हातात घ्या, डोकं बघा. मे महिन्यात तिथे बारीक कोंबाची टोकं दिसायला लागतात. पोत्यात वर चांगली बोटं आणि खाली तुटकी, असं होतं, म्हणून पोतं ओतून बघितल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत. लावताना डोकं वरच्या बाजूला ठेवा आणि त्यावर दोन-तीन सेंटीमीटरच माती येऊ द्या. काळं बी पेरून कोणी रोपं करून देतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका, त्याची उगवण फार कमी असते.

पुढे मुख्य काम निंदणाचं. झाड ठेंगणं आहे, गवत त्याला सहज झाकून टाकतं, आणि गादीवाफ्यावर डवरा चालत नाही. सगळं हाताने. फुलांचे दांडे बरेच शेतकरी खुडतात, म्हणजे झाडाची ताकद मुळ्यांकडे जाते. मी म्हणेन पहिल्या वर्षी एक ओळ न खुडता ठेवा आणि काढणीला फरक तुमचा तुम्हीच बघा. पानं सुकल्यावर उपटायची घाई करू नका. नोव्हेंबरनंतर साल गडद झाली की हलकं पाणी देऊन कुदळीने झुबके उचला. बेण्याचे झुबके फेब्रुवारी-मार्चपर्यंत जमिनीत राहिले तरी चालतात. काढल्यावर ते सावलीत, कोरड्या वाळूत ठेवायचे.

विक्रीच्या मालाचं खरं काम पुढेच आहे, आणि ते कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. प्रत्येक बोट धुऊन त्याची साल हाताने, चाकूने काढायची. मग स्वच्छ कापडावर चार-सहा दिवस उन्हात वाळवायची. चांगली वाळलेली मुसळी पांढरी असते, वाकवली तर कट्‌ आवाज करून मोडते, आणि चावली तर दाताला चिकटते. खरेदीदार हेच बघतात. ओल राहिली तर बुरशी धरते आणि पांढरा माल पिवळट पडून भाव उतरतो. आता विचार करा. एक बोट सरासरी 10 ग्रॅम धरलं तर 10 क्विंटल ओल्या मुसळीत 1 लाख बोटं झाली. ती एकेक करून कोण सोलणार? आमच्याकडे शेतीच्या हिशेबात बायांचं बसून केलेलं काम धरतच नाहीत. तुम्ही धरा. तुमची, सासूबाईंची रोजी गावातल्या दराने वहीत लिहा.

आणि आता त्यांचा हिशेब त्यांच्याच आकड्यांनी करून बघू. बेणं 5 क्विंटल, 400 रुपये किलोने 2,00,000 रुपये. चांगली जमीन, चांगला पाऊस, मन लावून केलेलं काम, असं सगळं जुळलं तर एकरी 12 ते 16 क्विंटल ओला माल धरता येतो. आपण 15 धरू. त्यातला 5 क्विंटल पुढच्या वर्षाच्या बेण्याला ठेवला तर 10 क्विंटल उरला. साल निघाली, पाणी उडालं की साधारण 6 किलो ओल्या मालाचा 1 किलो वाळलेला होतो. म्हणजे 167 किलो. त्यांनी सांगितलेला 1,200 चा भाव खराच मिळाला तरी 2,00,000 रुपये. बेण्याचा पैसा तेवढा निघाला. खत, वाफे, निंदण, सोलणी, गहाणाचं व्याज हे सगळं तुमच्या खिशातून. बेणं न ठेवता सगळाच्या सगळा माल वाळवला तरी अडीच क्विंटल होईल. 4 क्विंटल वाळलेला माल म्हणजे ओला 24 क्विंटल. एवढं एकरी निघत असतं तर ते गृहस्थ स्वतःच जमीन करायला घेऊन लावत बसले असते, गावोगाव हिंडले नसते.

मग हा धंदा चालतो कसा? नोव्हेंबर 2000 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केलं. औषधी पिकांची चर्चा सगळीकडे सुरू झाली, आणि त्या काळात महाराष्ट्रात, मध्य प्रदेशात, छत्तीसगडमध्ये, आंध्रात मुसळीचं बेणं विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला. पहिल्या वर्षीच्या शेतकऱ्याचा माल दुसऱ्या वर्षीच्या शेतकऱ्याला बेणं म्हणून महागात विकायचा, त्याचा तिसऱ्याला. जोपर्यंत नवीन शेतकरी मिळतो तोपर्यंत भाव चढाच राहतो आणि पहिला शेतकरी खरोखर पैसे कमावतो. त्याचेच फोटो मग सगळीकडे दाखवले जातात. नवीन गिऱ्हाईक आटलं की सगळा माल औषधाच्या बाजारात येतो आणि तिथे त्याची किंमत औषधवाला ठरवतो. हा औषधवाल्याचा भाव म्हणजेच मुसळीचा खरा भाव. तो चढतो, पडतो, आणि मालाच्या प्रतीप्रमाणे एकाच दिवशी एकाच बाजारात दुपटीने बदलतो. मध्य प्रदेशातली नीमचची मंडी औषधी मालासाठी प्रसिद्ध आहे. तिथला या आठवड्याचा भाव एखाद्या आडत्याला फोन करून विचारा. वाळलेल्याचा वेगळा, बेण्याचा वेगळा, तुटक्या मालाचा वेगळा.

छापील कागदाचं काय, हा तुमच्या मालकांचा मुद्दा असणार. तो मी बाजूला सारत नाही. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सफेद मुसळीच्याच एका प्रकरणात निकाल दिला आहे. एका लहान शेतकरी बाईंनी 2004 साली करार केला होता, अगदी तुमच्यासारखा. बेणं कंपनीचं, पीक कंपनीने ठरल्या भावाने परत घ्यायचं. पीक आलं, कंपनीने ते उचललं नाही, अशी त्यांची तक्रार. त्या ग्राहक मंचात गेल्या तर कंपनी म्हणाली, या बाई नफ्यासाठी पीक घेतात आणि आम्हालाच विकतात, मग त्या ग्राहक कशा? न्यायालयाने कंपनीचं म्हणणं फेटाळलं. पोटापाण्यासाठी शेती करणारा शेतकरी बेणं विकत घेतो तेव्हा तो ग्राहकच आहे, त्याची तक्रार ऐकून घेतलीच पाहिजे, असं सांगितलं. हा निकाल तुमच्या बाजूचा आहे आणि तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पण तारखा बघा. करार 2004 चा. 2020 मध्ये ठरलं ते एवढंच, की तक्रार चालवायला घ्यावी. सोळा वर्षं पाटल्या सावकाराकडे ठेवून कोणाला परवडेल?

त्यामुळे कागद असलाच तर असा हवा. माल कोणत्या प्रतीचा घेणार, ओल किती टक्के चालणार, वजन कुठे होणार, पैसे किती दिवसांत आणि कोणत्या बँकेतून येणार, हे सगळं त्यावर लिहिलेलं असावं. ‘योग्य प्रतीचा माल घेऊ’ एवढ्याच ओळीवर सही करू नका, कारण योग्य प्रत कोणती ते नंतर तेच ठरवतील. बेण्याची पावती पक्की, जातीचं नाव आणि वजन लिहिलेली घ्या. आणि त्या प्रतिनिधीला एक विनंती करून बघा. बेण्याचे पैसे आत्ता न घेता पिकातून कापून घ्या, म्हणा. तुमच्या पिकावर त्यांचा स्वतःचा भरवसा असेल तर निदान निम्म्याला तरी ते तयार होतील. मागच्या तीन वर्षांत ज्यांचा माल त्यांनी उचलला अशा शेतकऱ्यांची गावं मागा आणि त्यांनी न सांगितलेल्या दिवशी तिथे जा.

तुमच्या शेजारी याहून चांगली शाळा आहे. संग्रामपूरला लागूनच तेल्हारा तालुका, पुढे अकोट, आणि त्याच्या पलीकडे अंजनगाव सुर्जी. सातपुड्याच्या कडेच्या या पट्ट्यात बारी समाजाचे शेतकरी पिढ्यानपिढ्या पानमळे आणि पानपिंपळी करत आले आहेत, आणि त्यांच्यातले बरेच जण सफेद मुसळीही घेतात. जमीन कशी ओळखायची, वाफा किती उंच, सोलणीला बायका कुठून येतात, खरेदीदार कोण, पैसे कोण बुडवतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. तुमच्या मालकांनी आणि मामाजींनी दोघांनी मिळून एक दिवस तिकडे जावं. तुम्हीही जा, आणि सोलणी करणाऱ्या बायांशी बोलणं तुमच्याकडे ठेवा. बेणंही तिथेच, डोळ्यांसमोर उकरून घ्या. 2 गुंठ्यांना 25 किलो पुरे. त्या प्रतिनिधीच्या भावाने धरलं तरी 10,000 रुपये. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आहे, तिथे जाऊन खरं झाड आणि त्याच्या जवळच्या इतर जाती शेजारी शेजारी बघता येतात, शास्त्रज्ञांना विचारता येतं. पीकविमा किंवा अनुदान मिळेल असं गृहीत धरून चालू नका. आधी तालुका कृषी कार्यालयात विचारा.

या 25 किलोचं पुढे काय होतं ते सांगतो, कारण एवढ्याने काय होणार असं घरात कोणीतरी म्हणेलच. एका बोटाला हंगामात पाच-सहा, कधी दहाच्या वर नवीन बोटं येतात. सगळी बेण्याच्या कामाची नसतात, काही तुटतात, काही कुजतात. हे सगळं वजा करून बेण्याचं वजन वर्षाला फक्त दुप्पट होतं असं धरलं, तरी पहिल्या काढणीला 50 किलो, दुसऱ्या काढणीला 100 आणि तिसरीला 200. म्हणजे चौथ्या वर्षी सोळा गुंठ्यांचं बेणं घरचं, एक रुपयाही कर्ज न काढता. मधल्या वर्षांत बेण्याला निरुपयोगी बोटं तुम्ही सोलाल, वाळवाल, चार-सहा किलो का होईना बाजारात नेऊन विकाल आणि खरेदीदार ओळखीचे होतील. हे झाड स्वतःच वाढवून देतं, मग 2 लाखांचं बेणं विकत कशाला घ्यायचं? माझं सगळं सांगणं या एका प्रश्नात आहे, आणि तो तुमच्या मालकांपुढे ठेवा. त्यांचं मन झाडावर बसलंय ना, त्यांना झाड मिळतंय. मामाजींना कर्ज नको आहे, ते होत नाहीये.

नणंदेच्या पावडरीचं आता. आयुर्वेदात मुसळी बल्य आणि वाजीकर मानली आहे, म्हणजे अंगात ताकद आणणारी, धातू वाढवणारी. बाळंतिणीला देण्याचीही चाल आहे. तिच्यात सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात आणि औषधी गुणाचं श्रेय मुख्यतः त्यांना दिलं जातं. पण तिच्यावरचे बरेचसे प्रयोग उंदरांवर झालेले आहेत, आणि ओली बाळंतीण व तिचं बाळ ही प्रयोग करायची जागा नाही. मुसळी पचायला जड असते. दुकानात मिळणारी पावडर कशाची आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. शतावरीच्या जवळच्या एका झाडाच्या मुळ्याही सफेद मुसळी म्हणून विकल्या जातात, आणि काळी मुसळी तर पिवळ्या फुलांचं निराळंच झाड. शेजारच्या बाईंनी मायेनेच सांगितलं असेल, तरी पुडी आणून देऊ नका. दूध कमी पडतंय असं वाटत असेल तर आधी बाळ अंगावर नीट धरतं का, दिवसातून किती वेळा पितं, वजन वाढतंय का, हे आशाताईंना किंवा दवाखान्यातल्या नर्सला दाखवा. बहुतेक वेळा अडचण तिथेच सापडते. त्यानंतरही औषध हवं असेल तर ते तपासून देणाऱ्या वैद्यांकडून, त्यांनी सांगितलेल्या मात्रेत. नणंदेला मधुमेहाच्या किंवा दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू असतील तर तेही त्यांना सांगा.

जूनला वेळ आहे तोवर पायथ्याच्या शेतातली माती तपासून घ्या. शेतात चार-पाच जागी वीतभर खोल खणून माती एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो कृषी कार्यालयातून प्रयोगशाळेत पाठवा. विहिरीच्या पाण्याची बाटलीही सोबत द्या. कागद आला की त्यातला सामू (पीएच) आणि क्षारांचा आकडा मला कळवा, आणि एक-दीड फूट खणल्यावर मुरूम लागला की नाही तेही लिहा. त्यावरून वाफे किती उंच करायचे ते सांगतो.